डावीकडच्या सीटसाठी

सांगलीहून मिरजेला परत येत होतो, मी चालवत होतो, बाबा डावीकडे, आई मागे. गाडी बाबांचीच, मारुती ८००, २००७ ची. रेडिओवर बाजारभाव लागले होते, चुलत्यांची थोडी हळद असते म्हणून बाबा ते न चुकता ऐकतात, आणि दर आकड्यानंतर ते माझ्याकडे बघायचे. "सातशे म्हणाला का आठशे?" मी सांगेपर्यंत पुढचा आकडा निघून गेलेला असायचा. मग त्यांनी हात पुढे करून आवाज वाढवला, अजून वाढवला, डेकच्या भोवतीची प्लास्टिकची चौकट थरथरायला लागली, आई मागून म्हणाली अहो किती तो आवाज, आणि बाबांनी रेडिओ बंदच केला. "राहू दे, संध्याकाळी फोन करून विचारतो त्याला."

ते चिडून वगैरे नाही बोलले, अगदी सहज बोलले, आणि तेच मला दिवसभर टोचत राहिलं. कारण ज्या माणसाने आम्हाला ऐकायला शिकवलं तो माणूस आता ऐकायचं सोडून द्यायला तयार झाला होता, आणि तेही इतक्या शांतपणे.

बाबांची ३८ वर्षं मशीनशॉपमध्ये गेली, लेथवर. कान कमी झालेत हे आम्हाला बरीच वर्षं कळलंच नाही, कारण आवाज त्यांना येतो. हाक मारली की वळून बघतात. पण शब्द कळत नाही. कानाच्या तपासणीचा जो कागद असतो, ऑडिओग्राम, तो मी नीट समजून घेतला तेव्हा उलगडा झाला. २५० हर्ट्झपासून १००० पर्यंत, म्हणजे जाड आवाजांत, रेषा बरी चालली होती, २००० नंतर उतरायला लागली आणि ४००० ला, म्हणजे बारीक आवाजांत, सरळ खड्ड्यात. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा कान बहुतेक असाच, ४००० च्या आसपास आधी जातो. आता आपल्या बोलण्यात काय असतं, आ, ई, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात, ते पोचतात. पण स, फ, त, ठ, ख ही व्यंजनं बारीक, हवेची, वरच्या पट्टीतली आणि जोर फार कमी. म्हणजे सातशे आणि आठशे यांच्यात फरक कशाने पडतो तर एक स आणि एक त-ठ, आणि नेमके तेच बाबांपर्यंत पोचत नाहीत. त्यांना फक्त "आ... शे" ऐकू येतं. बाकीचं ते चेहऱ्यावरून, ओठांवरून, अंदाजाने भरतात. रेडिओला चेहरा नसतो.

कानातलं मशीन आहे, घरात चांगलं चालतं, पण ८०० मध्ये बसलं की ते रस्त्याचा, टायरचा, वाऱ्याचा आवाजही तेवढाच मोठा करून देतं, म्हणून गाडीत बसताना ते काढून शर्टच्या खिशात ठेवतात.

मला गाड्यांच्या म्युझिक सिस्टीमचा नाद कॉलेजपासून आहे. २०१३ साली, पुण्यात नोकरी लागल्यावर, मी हौसेने याच गाडीत सगळं नवीन बसवून घेतलं होतं. पुढच्या दरवाजात पाच इंची, मागे पार्सल ट्रेवर मोठे ओव्हल, डिकीत बासट्यूब, म्हणजे जाड आवाजाचा नळकांड्यासारखा मोठा स्पीकर. बाबांनी गाडी घेतानाच कॅसेटचा डेक बसवून घेतला होता, दुकानदार तेव्हा सीडीचा घ्या म्हणत होता पण यांच्या कपाटात कॅसेटी होत्या दोन खण भरून, तो डेक तेवढा मी ठेवला. तेव्हा मला वाटायचं की सिस्टीम चांगली म्हणजे छातीत धप्प झालं पाहिजे. बाबांनी एकदा ऐकलं, "छान आहे" म्हणाले. त्यानंतर ते गाडीत गाणी लावेनासे झाले आणि मी ते बघितलं नाही. खरं सांगायचं तर मी पुण्यात होतो, बघायला नव्हतोच. जाड आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो, हा कानाचा स्वभाव आहे, उलट तितकं होत नाही. ज्याच्या कानात मुळात बारीक आवाज कमी येतोय त्याच्या पाठीमागे मी एक आख्खी बासट्यूब आणून ठेवली होती. हे मला अकरा वर्षांनी कळलं.

तर २०२४ च्या दिवाळीनंतर ठरवलं की हे सगळं उपसायचं आणि परत करायचं, यावेळी बाबांसाठी. नातेवाईकांत एकच प्रश्न, त्या डबड्यावर कशाला खर्च करतोस. प्रश्न चुकीचा नाही. गाडीला १५ वर्षं झाली म्हणून २०२२ ला परत पासिंग केलं, तेव्हा नवीन नियमाने रिन्यूअलची फी ५ हजार भरली, पर्यावरण कर वेगळा, आणि ते मिळालं फक्त ५ वर्षांसाठी. विकायला काढली तर जे मिळतील त्याच्या निम्म्याच्या वर पैसे मी आवाजावर घालणार होतो. पण बाबा दुसरी गाडी चालवणार नाहीत, दुसऱ्या गाडीत त्यांना बसायलाही आवडत नाही. माझ्या गाडीत बसले की हात कुठे ठेवू कळत नाही म्हणतात. मारुतीने १९८३ मध्ये ही गाडी आणली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची काढली, मधल्या तीस वर्षांत आपल्याकडच्या किती घरांची पहिली गाडी हीच होती, आमचीही. ती तेव्हा अजून तीन वर्षं आमच्या दारात राहणार होती, ती तीन वर्षं बाबांनी गप्प का बसायचं?

काम सांगलीतच केलं. वायरिंगचं काम करणारे एक भाई आहेत, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, शोरूम नाही, पत्र्याचं शेड आणि समोर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "अँप कुठला टाकायचा?" मी म्हटलं वेगळा अँप्लिफायर नाही, जाड आवाजाचा वूफर पण नाही, आहे ते पण काढायचंय. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग बाबांकडे बघितलं, बाबा बाहेर खुर्चीत बसून पेपर वाचत होते, आणि म्हणाले, "समजलं. आधी दरवाजा उघडू."

डाव्या दरवाजाचा पॅड काढला. आत कंपनीने लावलेला प्लास्टिकचा कागद फाटून लोंबत होता, वायरींना कपलर नव्हतेच, नुसतं पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेली, आणि ती टेप इतक्या उन्हाळ्यांत वितळून गुळासारखी चिकट झालेली. भाईंनी दोन्ही वायरी सोडवल्या, खिशातून एक साधा पेन्सिल सेल काढला, दीड व्होल्टचा, आणि डेककडच्या टोकाला टेकवला. स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, टक करून बाहेर आला. बरोबर, प्लसला प्लस असलं की बाहेर येतो. मग उजवीकडे गेले, तसंच केलं, आणि कोन आत गेला. परत केलं. परत आत.

मी काही बोललो नाही, कारण मला कळलं होतं. उजव्या स्पीकरला प्लस-मायनस उलटं जोडलं होतं. अकरा वर्षं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो कारण हे खरंच महत्त्वाचं आहे आणि तपासायला एक सेल पुरतो. बोलणाऱ्याचा किंवा गाणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही स्पीकरमधून सारखाच येतो, म्हणून तो आपल्याला समोर मधोमध ऐकू येतो. एक स्पीकर उलटा असला की एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. खालच्या पट्टीत जास्त. आवाजाचा भरीवपणा जातो, आणि तो कुठून येतोय तेच समजत नाही, डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो. वाद्यं ऐकू येतात, माणूस ऐकू येत नाही. चांगल्या कानाचा माणूस म्हणेल काहीतरी पोकळ वाटतंय, आणि आवाज वाढवेल. ज्याचा कान आधीच शब्दांसाठी धडपडतोय त्याला वाटेल आपलाच कान गेला.

२०१३ ला ज्या दुकानात काम केलं होतं तिथे मी समोर उभा होतो, पैसे देऊन चावी घेतली आणि निघालो. तपासलं नाही. बाबा तेव्हा ६७ वर्षांचे होते, कान आजच्यापेक्षा खूप बरे होते. ती वर्षं त्यांना नीट ऐकता आली असती, आणि हे मला अजूनही लागतं.

असो. मग खरं काम सुरू झालं.

गाडीचा दरवाजा हीच स्पीकरची पेटी असते, हे आपण विसरतो. स्पीकर पुढे जसा आवाज टाकतो तसाच मागेही टाकतो, आणि मागचा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा असतो. तो दरवाजाच्या आतल्या भोकांतून गळून पुढे आला की दोघांची पुन्हा मारामारी. म्हणजे कितीही महागाचा स्पीकर घ्या, दरवाजा गळका असेल तर पैसे वाया. ८०० चा पत्रा तर पातळ, बोटाने वाजवला की टण्ण करतो. त्यावर डॅम्पिंगची शीट लावतात, बुटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा, रोलरने दाबून दाबून बसवायची. आधी बाहेरच्या पत्र्याला आतून, मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची, फक्त दरवाजाच्या तळाला पाणी निघून जायची जी छोटी भोकं असतात ती चुकूनही बुजवायची नाहीत, नाहीतर एका पावसाळ्यात दरवाजा खालून सडतो.

शीट बसली तेव्हा बाबा खुर्चीतून उठून आले आणि त्यांनी बोटाच्या पेराने दरवाजा वाजवला. ठक. परत उजवीकडचा, ज्याला अजून शीट लागली नव्हती तो वाजवला. टण्ण. मग म्हणाले, "भोपळा असाच वाजवून बघतात."

मिरजेच्या माणसाला हे सुचणारच. मी लहान असताना बाबा मला सुट्टीच्या दिवशी सतारमेकर गल्लीत न्यायचे, त्यांच्या ओळखीचं एक दुकान होतं, तिथे छताला भोपळे टांगलेले असायचे, पंढरपूर भागातून यायचे ते, आणि कारागीर एकेक खाली काढून बोटाने वाजवून बाजूला ठेवायचा. कुठला तंबोऱ्याला, कुठला सतारीला, कुठला नाहीच. या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात वाचून बाबा केवढे खूष झाले होते. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, इथेच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं, आणि बाबा लेथवरून सुटून, अंगाला कूलंटचा वास तसाच, तिथे रात्र रात्र बसायचे. त्यांना गाता येत नाही, वाजवता येत नाही. ऐकता येतं. आमच्या घरात ऐकता येणं ही एक विद्या मानली जायची, अजूनही मी तसंच मानतो.

स्पीकरच्या खोलीचा प्रश्न बाबांनीच सोडवला. ८०० चा दरवाजा पातळ, काच खाली आली की स्पीकरच्या चुंबकाला आपटते, म्हणून काच पूर्ण खाली करूनच माप घ्यायचं. बाबांनी घरून व्हर्नियर मागवला. पत्र्यापासून काचेपर्यंत ४९ मिलिमीटर, स्पीकरची खोली ५४. म्हणजे मध्ये रिंग पाहिजे, निदान ८-१० मिलिमीटरची. भाई म्हणाले एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, कापून देतो, सगळे तीच लावतात. बाबा म्हणाले, "दरवाजात पाणी येतं, ते फुगणार." दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन एमआयडीसीत त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या शॉपमध्ये गेले, १० मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट घेतली, आणि फेसप्लेटवर दोन रिंगा काढून घेतल्या. मशीनवर दुसरा मुलगा होता पण बाबा शेजारी उभे राहून हाताने खुणा करत होते, त्या आवाजात बोलायची गरजच नसते, सगळं हातांनी चालतं, आणि मी बघत होतो की तिथे त्यांना काहीच कमी पडत नव्हतं. रिंग हातात आली तेव्हा त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, कापताना उरलेली धार, बर, राहिली होती कुठेतरी, ती स्वतः कानशीने काढली. ७८ व्या वर्षी. त्या रिंगा आता दरवाजाच्या आत आहेत, पॅडखाली, कुणाला कधी दिसणार नाहीत.

आता डेकबद्दल. नव्या डेकवर मोठ्या अक्षरात ५२ वॅट गुणिले ४ असं काहीतरी लिहिलेलं असतं, मीही पूर्वी त्याला भुलायचो. हा आकडा कुठून येतो ते एकदा वहीवर मांडून बघा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग केला, ४ ने भागला, ५१.८४. हे झाले ५२. पण हे कधी, तर डेक इतका ताणलाय की आवाज फाटून चौकोनी झालाय तेव्हा. स्वच्छ आवाजाला त्याच्या निम्मे, म्हणजे २६, आणि डेकमधलं नुकसान वजा जाता पंधरा ते वीस. तेवढेच खरे. आणि तेवढे पुरतात, जर स्पीकर कमी पॉवरमध्ये जास्त वाजणारा घेतला तर. स्पीकरच्या खोक्यावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, ८६ डेसिबल, ९२ डेसिबल अशी. दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, म्हणजे ८६ च्या स्पीकरला जे काम करायला २० वॅट लागतील ते ९२ चा ५ वॅटमध्ये करतो. वॅट बघून स्पीकर घेणारे खूप आहेत, हा आकडा फार कमी लोक विचारतात, आणि जुन्या छोट्या गाडीत, जिथे ३५ अँपिअरची बॅटरी आहे, तिथे हाच आकडा सगळ्यात आधी विचारायला हवा. मी सव्वापाच इंची कंपोनंट घेतले, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, ट्विटर, वेगळे. आणि डेक असा घेतला ज्यात प्रत्येक स्पीकरचा आवाज किंचित उशिराने सोडता येतो. ते कशाला लागलं ते पुढे येईल.

वायरिंग पूर्ण नवीन. पिवळी कायम करंटची, लाल चावीची, काळी अर्थची, पांढरी जोडी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, काळी रेघ असेल ती मायनस. हे रंग बहुतेक सगळ्या डेकना सारखे असतात. भाईंनी प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवली, आणि बसवल्यावर न सांगता पुन्हा सेल लावून दोन्ही कोन मला दाखवले. बाहेर. बाहेर. मागचे ओव्हल काढले, बासट्यूब भाईंच्याच शेडमध्ये सोडली.

कॅसेटचा डेक निघाला तेव्हा मात्र मला जरा जड गेलं. त्यात मीडियम वेव्ह होतं. पुण्याहून मिरजेला यायचं म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, आणि पूर्वी बाबा पुण्यातून निघताना ७९२ ला पुणे लावायचे आणि पुढे कऱ्हाडच्या आसपास काटा १२५१ ला सांगलीवर आणायचे. एफएम घाट आला, डोंगर आडवा आला की तुटतं. मीडियम वेव्हच्या लाटा लांब, त्या जमिनीला धरून धरून येतात, खंबाटकीतही खरखर करत का होईना सोबत असायची. सांगली लागलं की आई म्हणायची आलं घर, आणि घर अजून दीड तास लांब असायचं. नव्या डेकला हे नाही. फोनवर आकाशवाणीचं ॲप आहे, त्यात खूप केंद्रं लागतात, आवाजही स्वच्छ, बाबांच्या कानाला तर तेच बरं कारण मीडियम वेव्हमध्ये वरची बारीक पट्टी येतच नाही. सोय झाली. पण काटा फिरवत फिरवत घर जवळ येण्याचं जे होतं ते गेलं. जुना डेक मी पुसून कपाटात ठेवलाय, कॅसेटींच्या खणात.

सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल, तर दरवाजाच्या बीडिंगने. सतरा वर्षांची रबरं, कडक होऊन चपटी झालेली, साठच्या पुढे गाडी गेली की वारा शीळ घालायचा. चारही दरवाजांची आणि डिकीची नवीन बसवली, स्पीकरच्या खर्चापुढे काहीच नाही इतके पैसे गेले. पुढच्या पायाखालचं मॅट काढून तिथेही डॅम्पिंग, त्यावर फोम, मागच्या चाकांवरच्या पत्र्याला पण. तीन दिवस गेले यात. गाडी काही बंगला झाली नाही, तीन सिलिंडरचं इंजिन ते, ते ऐकू येणारच. पण दार लावल्यावर जो "धप" आवाज आला तो या गाडीतून मी कधी ऐकला नव्हता. लोक विचारतात आधी काय घेऊ, स्पीकर का अँप. मी आता सांगतो, आधी आवाज कमी करा गाडीचा. गाणं मोठं करण्यापेक्षा बाकीचं लहान करा.

मग ट्यूनिंग. भाईंनी डेक चालू केला आणि विचारलं, "ड्रायव्हर सीटला सेट करू ना?" सगळे तसंच करतात. जो चालवतो, जो पैसे देतो, आवाज त्याच्यासमोर. मी म्हटलं नाही, डावीकडे करा. ते म्हणाले मग तुम्हाला उजवीकडे विचित्र लागेल. म्हटलं लागू दे.

बाबांना डावीकडे बसवलं, सीट त्यांच्या नेहमीच्या जागेवर, आणि टेपने मोजलं. डाव्या स्पीकरपासून त्यांच्या डोक्यापर्यंत ७८ सेंटिमीटर, उजव्यापासून ११८. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजवीकडचा आवाज त्यांच्यापर्यंत जवळजवळ १.२ मिलिसेकंद उशिरा येत होता. मग डावा तेवढाच थांबवायचा. ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतं. पण तेवढं केलं आणि डावा किंचित कमी केला की दोन्हीकडचे आवाज एकाच वेळी पोचतात आणि बोलणारा माणूस काचेच्या पलीकडे समोर येऊन उभा राहतो. ट्विटर डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसवले पण काचेकडे नाही, थेट बाबांच्या तोंडाकडे वळवून, कारण बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा असतो, तोंड फिरवलं की संपला.

भाईंकडे टेस्टिंगची गाणी होती, सगळी बासची. मी फोनवर वेगळंच आणलं होतं, आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांचं रेकॉर्डिंग. स्वच्छ मराठी, एक माणूस, संगीत नाही. आणि त्यानंतर बाजारभाव. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, २००० ते ४००० च्या मध्ये थोडं थोडं वर नेलं. एकदम जास्त केलं तर बाबा डोळे मिटायचे, टोचतंय म्हणायचे, अशा कानाला कमी ऐकू येतं आणि जास्त झालं की लगेच त्रासही होतो, मधली जागा अरुंद असते. म्हणून एक एक पायरी. प्रत्येक वेळी बातम्या मागे घ्यायच्या, पुन्हा लावायच्या. भाई मागच्या सीटवरून पुढे वाकून डेकवर बोट ठेवून, आणि बाबा डोळे मिटून. "जरा कमी. अजून. नाही, मघाचं बरं होतं."

मला त्या वेळी सतारमेकर गल्लीतलं ते दुकान दिसत होतं. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर तारेखाली घोडीवर दोरा सरकवतो, केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे, आणि एका जागी तार उघडते, नुसता टणत्कार होता तो गुणगुणायला लागतो. ती जागा मोजून सापडत नाही. दोरा सरकवणारा एक आणि ऐकणारा एक, अशी दोन माणसं लागायची बरेचदा, आणि त्या दुकानात ऐकायला कधीकधी बाबांना बसवायचे. मी पायरीवर बसून बघायचो. आज ते पुन्हा ऐकणाऱ्याच्या जागी होते. कान अर्धा गेलेला, पण काय ऐकायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं.

दीड तासाने त्यांनी हात वर केला. रेकॉर्डिंग चालू होतं, "सोळा हजार सातशे". बाबा म्हणाले, "सातशे." मग पुढचा. "पंधरा हजार आठशे." पुढे एक चुकला. मग सलग चार बरोबर. भाईंनी डेकवरचं बोट काढलं आणि सेटिंग सेव्ह केलं.

घरी परत निघालो, आईला वाटेत विश्रामबागला घेतलं, ती नेहमीप्रमाणे मागे बसली. बाबांनी अभंग लावला, भीमसेनजींचा. मला सगळं उजवीकडेच गेल्यासारखं लागत होतं, पूर्वी मी असं पाच मिनिटं सहन केलं नसतं. आई मागून काहीतरी म्हणाली, ओरडून नाही, साध्या आवाजात, वांगी आणायची राहिली वगैरे, आणि बाबा मान न वळवता म्हणाले, "उद्या आणतो." दोघांच्याही ते लक्षात आलं नसावं. मी गप्प राहिलो.

मिरजेत शिरताना एका टेम्पोला वाट द्यायला मी गाडी बाजूला घेतली, परत सरळ केली. अभंग संपून पुढचा सुरू व्हायचा होता, मध्ये दोन-तीन सेकंद शांतता होती. बाबांनी डाव्या हाताने आवाज थोडा कमी केला, कान माझ्या बाजूला केला, आणि म्हणाले,

"इंडिकेटर चालू राहिलाय तुझा."